हिट काउंटर (शेल स्क्रिप्ट)

हिट काउंटर किंवा भेटगणक म्हणजे एखादे वेबपान किती वेळा मागवले गेले हे मोजून तो आकडा त्याच पानावर दाखवणारी छोटी आज्ञावली होय. ती पर्ल, पीएचपी, सी अशा अनेक भाषांत लिहिता येते. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींवर मुळातच उपलब्ध असलेल्या शेलमध्येही, कोणतेही जादा सॉफ्टवेअर न बसवता, ती दहा-पंधरा ओळींत पूर्ण होते. त्यामुळे शेल स्क्रिप्ट शिकणाऱ्यांसाठी ती एक उपयुक्त अभ्यास-उदाहरण ठरते.

हिट काउंटरचे काम तीन क्रियांत सामावते: साठवलेली संख्या वाचणे, तीत एक मिळवणे आणि नवी संख्या पुन्हा साठवणे. एका वेळी एकच वाचक पान उघडत असेल तोवर या तीन क्रिया पुरेशा असतात. मात्र दोन वाचक एकाच क्षणी आले, तर त्याच तीन ओळींमुळे एखादी भेट मोजायची राहते आणि प्रसंगी वर्षानुवर्षे जमलेला आकडा पुसला जाऊन मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. यातील बेरीज सोपी आहे. एकाच संचिकेवर एकाच वेळी काम करणाऱ्या अनेक प्रक्रियांचा मेळ घालणे हा या आज्ञावलीतील कठीण भाग आहे.

इतिहास

वर्ल्ड वाइड वेबच्या आरंभीच्या काळात वेब सर्व्हर मुख्यतः डिस्कवरील संचिका जशीच्या तशी वाचकाकडे पाठवत असे. मागणी आल्यावर सर्व्हरने एखादी आज्ञावली चालवावी आणि तिचे उत्तर पान म्हणून पाठवावे, यासाठीची सामायिक पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या महासंगणन केंद्रातील वेब सर्व्हरच्या निमित्ताने आकाराला आली. तिला कॉमन गेटवे इंटरफेस अर्थात सीजीआय असे म्हणतात. सीजीआयच्या १.१ या आवृत्तीचे वर्णन ऑक्टोबर २००४ मध्ये 'आरएफसी ३८७५' या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले.

सीजीआय कोणत्याही एका भाषेशी बांधलेले नाही. पर्यावरण-चल वाचू शकणारी आणि प्रमाणित आउटपुटवर मजकूर लिहू शकणारी कोणतीही आज्ञावली त्यासाठी चालते. शेल या दोन्ही गोष्टी करू शकत असल्याने शेल स्क्रिप्टही वेबपान तयार करू शकते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेलपैकी बॉर्न शेल हे स्टीफन बॉर्न यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिले आणि ते १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत वितरित झाले. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश हे शेल १९८९ मध्ये आले.

१९९० च्या दशकात वैयक्तिक पानांच्या तळाशी भेटींचा आकडा दाखवण्याची प्रथा सर्वत्र पसरली. मोटारीच्या किलोमीटर-मापकासारखे, काळ्या पट्टीवर पांढरे अंक दाखवणारे काउंटर त्या काळात विशेष लोकप्रिय होते. आरंभीचे काही काउंटर एक्सबीएम या चित्र-स्वरूपात आकडा पाठवत. हे स्वरूप साध्या मजकुराचे असल्याने चित्रे बनवणारे वेगळे सॉफ्टवेअर नसतानाही स्क्रिप्टला ते तयार करता येई.

सीजीआय स्क्रिप्टचे कार्य

वाचकाच्या ब्राउझरने सीजीआय स्क्रिप्टचा पत्ता मागवला की सर्व्हर त्या स्क्रिप्टसाठी एक नवी प्रक्रिया सुरू करतो. मागणीची पद्धत, वाचकाचा आयपी पत्ता, ब्राउझरचे नाव, पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर इत्यादी माहिती पर्यावरण-चलांच्या रूपात त्या प्रक्रियेला मिळते. स्क्रिप्ट जे काही प्रमाणित आउटपुटवर लिहिते ते सर्व्हर वाचकाकडे पाठवतो आणि प्रक्रिया संपते. पुढच्या मागणीसाठी पुन्हा नवी प्रक्रिया सुरू होते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, प्रक्रिया संपताच तिच्या स्मृतीतील सर्व चले नष्ट होतात. म्हणून आकडा टिकवण्यासाठी तो डिस्कवरील संचिकेत ठेवावाच लागतो. दुसरा, एकाच वेळी दहा मागण्या आल्या तर एकाच स्क्रिप्टच्या दहा प्रक्रिया समांतर चालतात आणि त्या सर्व त्याच एका संचिकेला हात घालतात.

उत्तराच्या सुरुवातीला मजकुराचा प्रकार सांगणारी शीर्षओळ आणि तिच्यानंतर एक कोरी ओळ असणे बंधनकारक आहे. ही कोरी ओळ राहिल्यास शीर्षक कोठे संपले हे सर्व्हरला कळत नाही आणि वाचकाला आकड्याऐवजी सर्व्हरमधील त्रुटीचा ५०० हा संकेतांक दिसतो. नवशिक्यांच्या स्क्रिप्टमध्ये आढळणारी ही नेहमीची चूक आहे.

प्राथमिक रचना

सर्वांत साध्या स्क्रिप्टचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

१. पहिल्या ओळीत स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची त्याचा पूर्ण मार्ग लिहिणे.
२. आकड्याच्या संचिकेचा मार्ग एका चलात ठेवणे.
३. संचिका अस्तित्वात नसल्यास आकडा ० धरणे. असल्यास 'कॅट' किंवा 'रीड' या आज्ञेने तो वाचणे.
४. शेलच्या दुहेरी कंसातील अंकगणिताने त्यात १ मिळवणे.
५. नवा आकडा '>' या चिन्हाच्या साहाय्याने संचिकेत लिहिणे.
६. मजकुराच्या प्रकाराची शीर्षओळ, कोरी ओळ आणि शेवटी आकडा 'प्रिंटएफ' किंवा 'एको' या आज्ञेने छापणे.

स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यावी लागते. वेब सर्व्हर सामान्यतः मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावे चालतो. डेबियन आणि उबुंटू या प्रणालींवर त्या वापरकर्त्याचे नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असे असते. आकड्याच्या संचिकेवर लिहिण्याची परवानगी या वापरकर्त्याला हवी. ती नसल्यास संचिका वाचली जाते, बेरीज होते, परंतु नवा आकडा साठत नाही आणि पानावर तीच संख्या कायम दिसत राहते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपल्या नावाने ती चालवून पाहिली तर ती व्यवस्थित चालते, त्यामुळे हा दोष पटकन लक्षात येत नाही. संचिका सर्वांना लिहिण्यायोग्य करणे हा त्यावरचा योग्य उपाय नव्हे. तिची मालकी सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे द्यावी आणि ती वेबवरून थेट उघडता येणार नाही अशा निर्देशिकेत ठेवावी.

आघाडीच्या शून्यांची अडचण

किलोमीटर-मापकासारखा '०००००७' असा आकडा दाखवायचा असल्यास तो त्याच रूपात साठवण्याचा मोह होतो. शेलच्या अंकगणितात मात्र शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतील मानली जाते. अष्टमान पद्धतीत ८ आणि ९ हे अंक नसतात. त्यामुळे आकडा सातपर्यंत सुरळीत वाढतो. '०००००८' साठवला गेला की पुढच्या भेटीला शेल त्रुटी दाखवून थांबते. म्हणून संचिकेत संख्या नेहमी आघाडीच्या शून्यांविना साठवावी आणि शून्ये फक्त छापताना 'प्रिंटएफ' आज्ञेने जोडावीत.

समांतर भेटींची समस्या

वाचणे, वाढवणे आणि लिहिणे या तीन वेगळ्या क्रिया असल्याने त्यांच्या मध्ये दुसरी प्रक्रिया शिरू शकते. संचिकेत ४१ ही संख्या असताना दोन वाचक एकाच वेळी आले, तर पुढील क्रम घडू शकतो:

१. पहिली प्रक्रिया ४१ वाचते.
२. दुसरी प्रक्रियाही ४१ वाचते.
३. पहिली प्रक्रिया ४२ लिहिते.
४. दुसरी प्रक्रियाही ४२ लिहिते.

दोन भेटी झाल्या, पण आकडा एकानेच वाढला. निकाल प्रक्रियांच्या वेगावर आणि क्रमावर अवलंबून असण्याच्या या स्थितीला संगणकशास्त्रात शर्यतस्थिती म्हणतात. बँकेच्या एकाच खात्यावर एकाच वेळी होणारे दोन व्यवहार किंवा एकाच आसनासाठी होणारी दोन आरक्षणे यांतही मूलतः हीच समस्या असते.

याहून गंभीर दोष '>' या चिन्हाच्या कार्यपद्धतीत दडलेला आहे. शेल प्रथम संचिका उघडून तिची लांबी शून्यावर आणते आणि त्यानंतरच आज्ञा चालवून मजकूर लिहिते. या दोहोंमधील अल्पकाळात संचिका पूर्ण रिकामी असते. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या प्रक्रियेने ती वाचली तर तिला काहीच मिळत नाही; रिकामे मूल्य शून्य धरले जाऊन ती संचिकेत १ लिहिते. पहिल्या दोषात एक भेट हरवते, दुसऱ्यात सर्व भेटी हरवतात. डिस्क पूर्ण भरलेली असताना संचिका रिकामी होऊन नवा आकडा लिहिलाच न जाणे, हाही याच दोषाचा एक प्रकार आहे.

कमी वर्दळीच्या पानावर हे दोष महिनोन्‌महिने दिसत नाहीत. ते पडताळण्यासाठी स्क्रिप्ट एका आवर्तनातून १००० वेळा पार्श्वभूमीवर एकदम सुरू करावी, 'वेट' आज्ञेने सर्व प्रक्रिया संपेपर्यंत थांबावे आणि आकडा पाहावा. कुलूप नसलेल्या स्क्रिप्टचा आकडा सहसा १००० पेक्षा कमी भरतो.

कुलूप

एका वेळी एकाच प्रक्रियेला संचिकेवर काम करू देणाऱ्या व्यवस्थेला कुलूप म्हणतात. शेलमध्ये ते दोन प्रकारे लावले जाते.

निर्देशिकेचे कुलूप: 'एमकेडिर' ही आज्ञा निर्देशिका तयार करते आणि त्या नावाची निर्देशिका आधीपासून असल्यास अपयशी ठरते. निर्देशिका आहे का हे तपासणे आणि ती तयार करणे या गोष्टी येथे एकाच अविभाज्य क्रियेत होतात. म्हणून ज्या प्रक्रियेला निर्देशिका तयार करता आली तिला कुलूप मिळाले असे मानतात. इतर प्रक्रिया थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. काम झाल्यावर निर्देशिका काढून टाकतात. संचिका आहे का हे आधी तपासून नंतर ती तयार करणे हा मार्ग मात्र चुकीचा आहे, कारण त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पुन्हा तीच शर्यत उद्भवते. ही पद्धत सर्व युनिक्ससदृश प्रणालींवर चालते. तिचा दोष असा की कुलूप हाती असताना प्रक्रिया सक्तीने बंद केली गेली किंवा वीज गेली, तर निर्देशिका तशीच राहते आणि काउंटर कायमचा अडकतो.

'फ्लॉक' आज्ञा: लिनक्सवर उपलब्ध असलेली ही आज्ञा प्रचालन प्रणालीच्या गाभ्याकडून कुलूप मागते. प्रक्रिया कोणत्याही कारणाने संपली तरी तिने उघडलेल्या संचिका बंद होतात आणि त्याबरोबर कुलूपही सुटते. त्यामुळे मागे राहिलेल्या कुलपाचा प्रश्न उरत नाही. किती सेकंद थांबून प्रयत्न सोडायचा हेही तिला सांगता येते. पॉझिक्स मानकात तिचा समावेश नसल्याने ती सर्व प्रणालींवर मिळेलच असे नाही.

कुलूप फक्त वाचणे, वाढवणे व लिहिणे एवढ्याच वेळेसाठी लावावे. पान छापण्याचे काम कुलूप सोडल्यानंतर करावे, अन्यथा वाचकांची रांग विनाकारण वाढते. ही कुलुपे ऐच्छिक स्वरूपाची आहेत. संचिकेला हात लावणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टने ती पाळली तरच त्यांचा उपयोग होतो.

रिकाम्या संचिकेचा दोष टाळण्यासाठी नवा आकडा आधी त्याच निर्देशिकेतील तात्पुरत्या संचिकेत लिहून 'एमव्ही' आज्ञेने तिला मूळ नाव देतात. एकाच संचिका-प्रणालीत नामांतर ही अविभाज्य क्रिया असते; वाचणाऱ्याला जुनी पूर्ण संचिका मिळते किंवा नवी पूर्ण संचिका, अर्धवट कधीच नाही. नामांतराने हरवणारी एकेक भेट मात्र वाचत नाही, त्यासाठी कुलूपही लागतेच. दोन्ही उपाय एकत्र वापरताना कुलूप स्वतंत्र संचिकेवर लावावे. ते आकड्याच्या संचिकेवरच लावल्यास नामांतरानंतर कुलूप जुन्या, निनावी झालेल्या संचिकेवर राहते आणि नवी संचिका उघडणाऱ्या प्रक्रियेला ते दिसत नाही.

कुलपाविना मोजणी

संख्या साठवण्याऐवजी प्रत्येक भेटीस संचिकेच्या शेवटी एक बाइट जोडणे ही पर्यायी पद्धत आहे. '>>' या चिन्हाने संचिका जोडणीसाठी उघडली असता स्थानिक डिस्कवर प्रत्येक लेखन त्या वेळच्या शेवटाला जोडले जाते. एकाचे लेखन दुसऱ्यावर पडत नाही. संचिकेचा आकार म्हणजेच भेटींची संख्या, आणि ती 'डब्ल्यूसी' आज्ञेने मिळते. दहा लाख भेटींसाठी दहा लाख बाइट, म्हणजे एक मेगाबाइटच्या आसपास जागा लागते.

या पद्धतीत वाचणे आणि वाढवणे हे टप्पेच नसल्याने भेट हरवत नाही. एकाच क्षणी आलेल्या दोन वाचकांना क्वचित सारखाच आकडा दिसू शकतो, परंतु एकूण बेरीज बरोबर राहते. संचिका नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर असल्यास मात्र या हमीवर विसंबता येत नाही.

आकडा पानावर दाखवणे

सर्व्हर-साइड इन्क्लूड ही सोय सुरू असल्यास साध्या एचटीएमएल पानातील एका सूचनेने स्क्रिप्टचे आउटपुट पानात गुंफता येते. दुसरा मार्ग आकडा चित्ररूपाने पाठवण्याचा आहे. एसव्हीजी हे चित्र-स्वरूप मजकुराचे असल्याने शेल ते सहज छापू शकते. चित्र ब्राउझरने साठवून ठेवले तर पुढच्या भेटीत स्क्रिप्ट चालतच नाही. म्हणून उत्तर साठवू नये अशी सूचना शीर्षओळीत द्यावी लागते.

मराठी पानावर आकडा देवनागरी अंकांत दाखवायचा असल्यास आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतनात ० ते ९ हे प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचे असतात. लिनक्सवर प्रचलित असलेली ग्नूची 'टीआर' आज्ञा बाइटनिहाय बदल करत असल्याने ती येथे निरुपयोगी ठरते. 'सेड' आज्ञेच्या साहाय्याने प्रत्येक अंकासाठी एक असे दहा बदल करता येतात. 'सेड'मधील एकास-एक अक्षरबदलाची संक्षिप्त सूचना केवळ यूटीएफ-८ स्थानिकीकरणातच चालते आणि वेब सर्व्हर स्क्रिप्टला बहुधा ते स्थानिकीकरण देत नाही. त्यामुळे टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट वेबवर अपयशी ठरू शकते. शीर्षओळीत यूटीएफ-८ चा उल्लेखही आवश्यक असतो. बेरजेसाठी साठवलेली संख्या मात्र नेहमीच्या आंतरराष्ट्रीय अंकांतच असावी, कारण शेलचे अंकगणित देवनागरी अंक ओळखत नाही.

सुरक्षितता

एकच स्क्रिप्ट अनेक पानांसाठी वापरताना पानाचे नाव पत्त्यातून घेतले जाते. ते न तपासता संचिकेचा मार्ग म्हणून वापरल्यास दोन टिंबे आणि तिरकी रेघ यांच्या साहाय्याने इतर निर्देशिकांतील संचिकांपर्यंत पोहोचता येते. म्हणून पानांची ठरावीक यादी करून तिच्यातीलच नाव स्वीकारावे. संचिकेतून वाचलेल्या मजकुरात केवळ अंक आहेत याची खात्री बेरजेपूर्वी करावी. बॅशच्या अंकगणितात विशिष्ट रचनेचा मजकूर गेल्यास त्यातील आज्ञा चालू शकते.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी 'शेलशॉक' या नावाने ओळखला जाणारा बॅशमधील दोष जाहीर झाला. तो स्टेफान शाझलास यांनी शोधला होता. पर्यावरण-चलातील विशिष्ट मजकूर बॅश सुरू होतानाच आज्ञा म्हणून चालवत असे. सीजीआयमध्ये वाचकाच्या ब्राउझरने पाठवलेल्या शीर्षओळी पर्यावरण-चलांतूनच स्क्रिप्टकडे येतात. त्यामुळे बॅशमध्ये लिहिलेला आणि वाचकाकडून एकही चल न वाचणारा हिट काउंटरही, त्याची पहिली ओळ चालण्याआधीच, आक्रमकाच्या आज्ञा पाळू शकत होता. डॅशसारख्या इतर शेलमध्ये हा दोष नव्हता. बॅशच्या सुधारित आवृत्त्यांत तो दूर करण्यात आला आहे.

आकड्याचा अर्थ

काउंटरचा आकडा म्हणजे स्क्रिप्ट किती वेळा चालली याची संख्या होय. ती वाचकांची संख्या नसते. एकाच वाचकाने पान पाच वेळा ताजे केले तर पाच भेटी मोजल्या जातात. शोधयंत्रांच्या स्वयंचलित आज्ञावलींच्या भेटीही त्यात येतात. याउलट मध्यस्थ सर्व्हरने साठवलेली प्रत वाचणारे, तसेच काउंटर चित्ररूप असल्यास चित्रे न दाखवणारा ब्राउझर वापरणारे वाचक मोजणीतून सुटतात. आयपी पत्त्यावरून वाचक वेगळे ओळखण्याचा प्रयत्नही अपुरा पडतो, कारण एका महाविद्यालयातील किंवा कार्यालयातील अनेक जण एकाच पत्त्यावरून येऊ शकतात आणि एकाच व्यक्तीचा पत्ता वेळोवेळी बदलू शकतो. आरंभीचा आकडा संचिकेत हाताने वाढवून लिहिता येत असल्याने लोकप्रियतेचा पुरावा म्हणूनही त्याला मोल नाही.

सर्व्हरच्या नोंदवहीतील ओळी मोजूनही भेटींची संख्या काढता येते. तेथे पानातील प्रत्येक चित्राची मागणी वेगळी नोंदली जाते, त्यामुळे दहा चित्रे असलेल्या पानाच्या एका वाचनाच्या अकरा नोंदी होऊ शकतात. जुन्या नोंदी ठरावीक काळाने काढल्या जात असल्यास एकूण बेरीजही हाती राहत नाही.

सद्यस्थिती

प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया सुरू करणे खर्चीक असल्याने मोठ्या संकेतस्थळांवर शेलमधील सीजीआय स्क्रिप्ट वापरल्या जात नाहीत. एनजिनएक्ससारखे सर्व्हर सीजीआय थेट चालवत नाहीत, त्यासाठी मध्यस्थ आज्ञावली जोडावी लागते. भेटींची मोजणी आता बहुतांश ठिकाणी डेटाबेस किंवा स्वतंत्र विश्लेषण-सेवांद्वारे होते आणि आकडा पानावर दाखवण्याची प्रथा बरीच मागे पडली आहे. या सेवा वाचकाची बरीच माहिती गोळा करतात. शेलमधील साधा काउंटर मात्र एका संख्येपलीकडे काहीही साठवत नाही.

घरगुती सर्व्हर आणि कमी वर्दळीची वैयक्तिक पाने यांवर शेलमधील काउंटर आजही पुरेसा ठरतो. सीजीआयची रचना, संचिकांच्या परवानग्या, अविभाज्य क्रिया, कुलूप आणि बाहेरून आलेल्या मजकुराची तपासणी हे विषय एकाच छोट्या आज्ञावलीत एकत्र येत असल्याने अध्यापनातही त्याचा उपयोग होतो.